ढालींच्या कपाटाबाहेरचे विद्यार्थी : माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

माध्यमिक शाळांचे सन्माननीय मुख्याध्यापक, व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि सहशालेय उपक्रमांची जबाबदारी सांभाळणारे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

वक्तृत्व, वादविवाद आणि विज्ञान प्रदर्शन अशा आंतरशालेय स्पर्धांच्या परीक्षणासाठी माझे निरनिराळ्या शाळांत जाणे होते, आणि माझी स्वतःची मुलेही माध्यमिक शाळेत शिकून बाहेर पडली आहेत. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. कोण्या एका शाळेविरुद्धची ही तक्रार नव्हे. पुढील वर्षाचा आराखडा तयार होत असताना, म्हणजे मंडळांची यादी, स्पर्धांचे वेळापत्रक आणि शाळेच्या उत्सवी सप्ताहाच्या तारखा ठरत असताना, एका प्रश्नाचा विचार आपण सर्वांत आधी करावा, एवढीच विनंती आहे : यंदा आपल्या शाळेतील किती विद्यार्थी असे असतील की ज्यांच्यावाचून एखादे काम अडेल?

प्रश्न मुद्दाम असा विचारला आहे. ‘किती विद्यार्थी सहभागी झाले’ असे विचारले की उत्तर नेहमीच मोठे येते, कारण सभागृहात प्रेक्षक म्हणून बसवलेला, सामूहिक कवायतीत मागच्या रांगेत उभा केलेला आणि मंडळाच्या नोंदवहीत केवळ नाव घातलेला, असे सगळेच त्यात मोजले जातात. ‘किती ढाली मिळाल्या’ असे विचारले तर उत्तर कपाटात मांडून ठेवता येते, पण ते मूठभर विद्यार्थ्यांविषयीचे उत्तर असते. कोणावाचून काय अडेल, हा प्रश्न मात्र प्रत्येक विद्यार्थ्यापाशी जाऊन थांबतो. तो आला नाही तर आजची तालीम होणार नाही, तिने मजकूर तपासला नाही तर भित्तिपत्रक लागणार नाही, अशी जागा ज्याला किंवा जिला आहे, त्या विद्यार्थ्याला शाळा आपली वाटते. ज्याला ती नाही, त्याच्यासाठी शाळा म्हणजे तासिका, परीक्षा आणि मधली सुट्टी.

कोणत्याही शाळेचा वार्षिक अहवाल उघडून पारितोषिकप्राप्त विद्यार्थ्यांची नावे एका कागदावर लिहून काढावीत, आणि प्रत्येक नाव किती वेळा आले ते पाहावे. वक्तृत्वात जे नाव, तेच प्रश्नमंजूषेत, तेच नाटकातील मुख्य भूमिकेत, आणि वार्षिक समारंभाच्या सूत्रसंचालनातही बहुधा तेच. यात शिक्षकांचा पक्षपात असतो असे मी म्हणणार नाही. स्पर्धेचे पत्रक हाती पडते तेव्हा दिवस थोडे उरलेले असतात, अभ्यासक्रम पुढे ढकलायचा असतो, आणि अशा वेळी ज्याला काही शिकवावे लागणार नाही त्यालाच पाठवणे शहाणपणाचे वाटते. परंतु दर वेळी घेतलेल्या या सोयीच्या निर्णयांची बेरीज अशी होते, की आठवीच्या वर्षाअखेर प्रत्येक वर्गाला ‘स्टेजवरची मुले’ कोणती आणि टाळ्या वाजवणारी कोणती हे पक्के ठाऊक झालेले असते, आणि दुसऱ्या गटातील विद्यार्थी त्यानंतर सहसा हात वर करत नाहीत. मग आपणच म्हणतो की मुलांमध्ये उत्साह उरलेला नाही.

या बाबतीत एक जुना अभ्यास आजही वाचण्याजोगा आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या लहान-मोठ्या माध्यमिक शाळांची पाहणी करून १९६४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक असतात ही सर्वसाधारण समजूत त्यांनी मोजून पाहिली. उपक्रम अधिक होते हे खरे, परंतु विद्यार्थिसंख्या ज्या पटीने वाढत होती त्या पटीने उपक्रम वाढत नव्हते. परिणामी मोठ्या शाळेत निवडीला वाव पुष्कळ असला तरी एकेका जागेसाठी इच्छुकांची गर्दी असे आणि बहुतेकांच्या वाट्याला बघ्याची भूमिका येई. लहान शाळेत नाटक उभे करायचे तर जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी करावेच लागे, त्यामुळे जबाबदारीच्या जागी काम केलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण तिथे कितीतरी जास्त होते.

त्याच परंपरेतला, एडविन विलेम्स यांचा १९६७ मधील अभ्यास मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. अभ्यासात मागे असलेल्या आणि शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यांना उपक्रमांविषयी काय वाटते, हे त्यांनी पाहिले. लहान शाळेतील अशा विद्यार्थ्यांनाही इतरांइतकेच वाटत होते की आपण यायला हवे, आपली गरज आहे. मोठ्या शाळेतील अशाच विद्यार्थ्यांना मात्र तसे फारसे वाटत नव्हते. म्हणजे विद्यार्थ्याच्या उदासीनतेचे मूळ आपण त्याच्या स्वभावात शोधत बसतो, तेव्हा ते पुष्कळदा जागांच्या हिशेबात असते.

शाळा लहान करणे आपल्या हाती नाही, परंतु मोठ्या शाळेच्या पोटात लहान शाळेची परिस्थिती निर्माण करणे आपल्या हाती आहे. शंभर नावांचे एक विज्ञान मंडळ असण्यापेक्षा आकाशनिरीक्षण, पक्षीनोंदी, इलेक्ट्रॉनिक्स आणि विज्ञानलेखन अशी दहा-बारा जणांची मंडळे असावीत, आणि प्रत्येकाला वर्षाअखेर शाळेसमोर मांडण्यासारखे एक काम असावे. तीन अंकी एकाच नाटकासाठी सगळा वेळ खर्चण्याऐवजी तीन लहान एकांकिका उभ्या राहिल्या, तर पात्रे वाढतात. त्याहीपेक्षा नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा आणि रंगमंच व्यवस्था यांच्या जागा तिप्पट होतात, आणि ज्यांना लोकांसमोर उभे राहायला आवडत नाही अशा विद्यार्थ्यांची संख्या कोणत्याही वर्गात थोडी नसते. मात्र या जागा खऱ्या असाव्यात. प्रकाशयोजना बाहेरून आलेला माणूस करणार आणि विद्यार्थी त्याच्याजवळ उभा राहणार, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. त्यातून त्या विद्यार्थ्याला एवढेच कळते की त्याच्यावाचून काही अडत नव्हते.

शाळेच्या नियतकालिकाचा संपादक दर अंकाला बदलता येतो. वादविवादात तर वाव त्या स्पर्धेच्या रचनेतच आहे : १९८८ पासून चालत आलेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत संघ पाच जणांपर्यंत असू शकतो आणि प्रत्येक फेरीत त्यांपैकी तिघे बोलतात. दर फेरीला कोण बोलणार हे बदलता येते, आणि जे बोलत नाहीत त्यांनी जमवलेल्या मुद्द्यांवरच बोलणारे उभे असतात. आपल्याकडे मात्र तेच तिघे सर्व फेऱ्या बोलतात आणि उरलेले दोघे पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. राखीव म्हणून नाव असलेल्या विद्यार्थ्याला वर्षभरात एकदाही संधी न देता प्रमाणपत्र देणे ही फसवणूक आहे, आणि ती त्याला समजते.

निवड चाचण्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो त्यात पुष्कळदा दुसरेच काही मिसळलेले असते. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा १९८५ मध्ये असे दिसून आले की वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तिमाहीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. वयोगट १ जानेवारीला मोजला जात होता, इतकेच त्यामागचे कारण. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्याहून जवळपास वर्षभराने मोठा, म्हणून लहानपणी अंगाने भरलेला. त्यामुळे त्याची निवड होते, निवड झाल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. पुढे इतर खेळांतही हाच प्रकार आढळला. बारा-तेरा वर्षांच्या वयात एका वर्षाचे अंतर किती असते, हे वर्गात उभे राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाला सांगण्याची गरज नाही. म्हणून आठवीत एकदा घेतलेली चाचणी दहावीपर्यंत चालू ठेवू नये. दर वर्षी नव्याने चाचणी व्हावी, तिचे निकष आधी फलकावर लागावेत, आणि निवड न झालेल्यांसाठी दुसरा संघ असावा, ज्याला सरावाची वेळ, शिक्षक आणि सामने तिन्ही मिळतील. चाचणीत अपयशी ठरलेल्या विद्यार्थ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ असे सांगून घरी पाठवले, तर तो पुढच्या वर्षी येत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या शाळांना आणखी एक गोष्ट सुचवायची आहे. स्पर्धेचे स्वरूप ठरवताना आपण सवयीने बाद फेरीची पद्धत घेतो, कारण ती लवकर आटोपते. बत्तीस संघांची बाद फेरी ३१ सामन्यांत संपते, हे सोयीचे खरे; परंतु त्यांपैकी १६ संघ पहिल्याच सामन्यानंतर परत जातात आणि आणखी ८ दुसऱ्या सामन्यानंतर. महिनाभर सराव केलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष खेळायला मिळतो तो एक सामना, आणि पुष्कळदा तोही विजेतेपदाच्या दावेदारांशी. याच बत्तीस संघांचे चार-चारांचे आठ गट करून आधी साखळी सामने घेतले आणि फक्त गटविजेत्यांची बाद फेरी ठेवली, तर एकूण ५५ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. बुद्धिबळ, वादविवाद, प्रश्नमंजूषा अशा ज्या स्पर्धा एकाच वेळी अनेक खोल्यांत चालू शकतात, त्यांच्यासाठी स्विस पद्धत आहे. १८९५ मध्ये ज्यूरिखच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. तिच्यात कोणीही बाद होत नाही आणि प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घातली जाते, त्यामुळे दुबळ्या संघालाही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो. वेळ थोडा जास्त लागतो. पण स्पर्धा लवकर संपावी हाच जर उद्देश असेल, तर ती भरवण्याचा खटाटोप तरी कशासाठी करावा?

बक्षिसांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा नमुना पाहण्यासारखा आहे. १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालेली ही स्पर्धा शालेय विद्यार्थ्यांसाठीच्या सर्वांत कठीण स्पर्धांपैकी एक मानली जाते. दोन दिवसांत सहा प्रश्न, दर दिवशी साडेचार तास, आणि प्रत्येक प्रश्नाला ७ गुण. जगभरातून निवडून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तिथे पदक मिळते, आणि सुवर्ण, रौप्य व कांस्य यांचे प्रमाण साधारण १ : २ : ३ असे ठेवले जाते. शिवाय पदक न मिळालेल्या, पण एखादा प्रश्न पूर्ण सोडवून सातपैकी सात गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याचा सन्माननीय उल्लेख होतो. इतकी काटेकोर स्पर्धासुद्धा पहिल्या तिघांवर थांबत नाही, आणि म्हणून तिचा दर्जा घसरला असे कोणी म्हणत नाही. आपल्या आंतरवर्गीय निबंध स्पर्धेत साठ जणांनी लिहिल्यावर तिघांची नावे वाचून दाखवायची आणि उरलेल्या सत्तावन्न जणांना आपले लिखाण कुठे कमी पडले हे कधीच कळू द्यायचे नाही, ही रीत कोणत्या दर्जाची राखण करते, हे मला आजवर उमगलेले नाही.

परीक्षक म्हणून या ठिकाणी थोडे आमच्याविषयीही सांगायला हवे, कारण आमच्या निकालावर शाळा नको तितका विश्वास ठेवतात. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत अंतिम फेरीतील वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तरीही रेनाटो फ्लोरेस आणि व्हिक्टर गिन्सबर्ग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की पियानोवादकांच्या अंतिम क्रमांकाचा त्यांच्या सादरीकरणाच्या क्रमाशी संबंध दिसतो, आणि पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना त्याचा तोटा होतो. तिथले परीक्षक जगातील नामवंत संगीतकार असतात. शाळेच्या सभागृहात सकाळपासून तेच विषय चाळीस वेळा ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांची काय कथा? म्हणून पहिल्या आणि चौथ्या क्रमांकातील एका गुणाच्या फरकावरून वर्गात कोणाची प्रतिष्ठा ठरू नये. परीक्षकांकडून क्रमांकासोबत प्रत्येक स्पर्धकासाठी दोन ओळींचा लेखी अभिप्राय मागून घ्यावा. आम्हाला त्याचा कंटाळा येईल, पण मागितला तर आम्ही तो देऊ.

विज्ञान प्रदर्शनातील पालकांनी बनवलेल्या प्रतिकृतींविषयी फार लिहीत नाही, कारण सर्वांनाच सर्व माहीत आहे. उपाय साधा आहे : प्रतिकृतीला थोडे गुण ठेवावेत आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या, तारखांसह आणि फसलेल्या प्रयत्नांसह ठेवलेल्या नोंदवहीला जास्त.

आता शाळेच्या उत्सवी सप्ताहाकडे, म्हणजे ज्याला हल्ली ‘स्पिरिट वीक’ म्हणतात त्याकडे येतो. शाळेच्या रंगांचे कपडे, हाऊसनुसार घोषणा, वर्गसजावट, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी सामना, रोज वेगळी वेशभूषा. या सगळ्याला माझा विरोध नाही. वर्षातून काही दिवस शाळेत गोंगाट व्हावा, गणिताच्या शिक्षकांनी दोरीखेचीत घसरून पडावे आणि मुलांनी ते पाहावे, यात चांगलेच आहे. काळजी वाटते ती या आनंदाला गुण देऊ लागल्यावर. ज्या वर्गाचे सर्वांत जास्त विद्यार्थी ठरलेल्या वेशात आले त्याला अमुक गुण, ज्या हाऊसचा आवाज सर्वांत मोठा त्याला तमुक गुण, असे झाले की ज्याच्याकडे त्या रंगाचा सदरा नाही, ज्याच्या घरी नुकतेच काही दुःखद घडले आहे, किंवा ज्याला आरडाओरड मुळातच सोसत नाही, असा विद्यार्थी आपल्या वर्गाचे गुण घालवणारा ठरतो. त्याला दटावण्याचे काम मग शिक्षकांना करावे लागत नाही. वर्गमित्रच करतात, आणि शिक्षकांपेक्षा कठोरपणे करतात. सहभागावर गुण देणे म्हणजे सहभागी न होण्यावर दंड लावणे, एवढे तरी नियम करताना ध्यानात असावे.

हाऊस किंवा गट पाडून चुरस लावली की एकी वाढते, असे आपण धरून चालतो. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथील उन्हाळी शिबिरात केलेला प्रयोग इथे आठवतो. साधारण अकरा वर्षांच्या, एकमेकांना अनोळखी अशा २२ मुलांचे दोन गट केले गेले, त्यांनी स्वतःला ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’ अशी नावे घेतली, आणि बेसबॉल, दोरीखेच अशा खेळांत बक्षिसांसाठी त्यांची लढत लावली गेली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि राहण्याच्या जागांवर धाड घालण्यापर्यंत मजल गेली. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, आणि संशोधकांनीच भांडणाला खतपाणी घातले हा त्यातला आक्षेप मला रास्त वाटतो. परंतु शाळेच्या दृष्टीने तो आक्षेपच जास्त बोलका आहे, कारण मोठ्यांनी हवा दिली की मुले कुठवर जातात हे त्यातून दिसते, आणि उत्सवी सप्ताहात हवा देणारे आपणच असतो. या प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. दोन्ही गटांना एकत्र जेवायला किंवा चित्रपट पाहायला बसवल्याने वैर कमी झाले नाही. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला, सामानाची गाडी अडकली, आणि दोघांनी मिळून हात लावल्याशिवाय ती कामे होण्यासारखी नव्हती. अशी कामे एकामागून एक केल्यावरच वैर निवळत गेले. त्या अडचणी संशोधकांनीच घडवून आणल्या होत्या, हे खरे. पण शाळेला तशा अडचणी घडवून आणण्याचीही गरज नसते, तिच्याकडे त्या मुबलक असतात.

ग्रंथालयाची हजारो पुस्तके नव्या जागेत न्यायची आहेत, आंतरशालेय स्पर्धेसाठी येणाऱ्या तीनशे पाहुण्या विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहायची आहे, शाळेच्या जुन्या छायाचित्रांवर नावे आणि साले लिहून घ्यायची आहेत, पाचवीत नव्याने आलेल्या मुलांना पहिला आठवडा सोबत करायची आहे. उत्सवी सप्ताहातील निम्मे दिवस अशा एखाद्या कामाला द्यावेत, त्यासाठी गट करताना इयत्ता आणि हाऊस मुद्दाम मिसळावेत, आणि काम पुरे झाल्यावर हवा तेवढा गोंगाट होऊ द्यावा.

मंडळाच्या प्रत्येक बैठकीला प्रमाणपत्र आणि प्रत्येक उपस्थितीला गुण देण्याची जी प्रथा पसरत आहे, तिच्याबद्दलही एक शंका नोंदवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. बालवाडीतल्या मुलांचा निष्कर्ष पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरीही प्रमाणपत्रासाठी मंडळात आलेला विद्यार्थी प्रमाणपत्र हाती पडताच येणे थांबवतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.

शिक्षकांच्या वेळेचा प्रश्न सोडवल्याशिवाय यातले काहीही होणार नाही, याची मला जाणीव आहे. मंडळ चालवणे हे शिक्षकांच्या हौसेवर आणि घरच्या वेळेवर सोडलेले काम राहिले, तर ते दोन-तीन उत्साही शिक्षकांच्या गळ्यात पडते आणि ते थकले की बंद होते. व्यवस्थापन समितीने हे काम आठवड्याच्या तासिकांत मोजावे, आणि ज्या शिक्षकाकडे मंडळ आहे त्याच्याकडून इतर कामाचा तेवढा भार काढून घ्यावा. त्याचबरोबर मंडळांची किमान एक वेळ शालेय वेळापत्रकाच्या आत असावी. शाळा सुटल्यानंतरच सराव असेल, तर ज्यांना ठरलेल्या वाहनाने जावे लागते, ज्यांना घरी धाकट्या भावंडांकडे पाहावे लागते किंवा घरच्या कामात हात लावावा लागतो, ते विद्यार्थी एकही शब्द न बोलता वगळले जातात, आणि त्यांची नोंद ‘आवड नाही’ अशी होते. शुल्क, गणवेश आणि प्रवासखर्च यांचेही तसेच आहे. पैसे नसल्यामुळे नाव मागे घेणारा विद्यार्थी खरे कारण कधी सांगत नाही, म्हणून सवलत मागण्याची वेळ त्याच्यावर न येऊ देता ती आधीच ठरलेली असावी.

दुसऱ्या टोकाला, सगळ्याच ठिकाणी असणारे विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्याविषयी मला वगळलेल्यांइतकीच काळजी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम मुलांना खेळ, मनोरंजन आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग यांचा हक्क देते, आणि त्याच कलमात विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्कही आहे. चार स्पर्धा, दोन पदे आणि शिकवणी एकाच वेळी ओढणाऱ्या मुलीला ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण शाळेने तिच्याकडून नेहमी ‘हो’ हेच ऐकलेले असते. एका विद्यार्थ्याकडे एका वेळी प्रमुखपदाची एकच जबाबदारी असावी, असा नियम केला तर तिलाही श्वास घेता येईल आणि बाकीची पदेही मोकळी होतील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही : असे केल्याने शाळेचा दर्जा घसरेल, ढाली कमी होतील. पहिल्या एक-दोन वर्षांत काही ढाली नक्कीच कमी होतील. नवख्या विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे केले तर तो अडखळेल, नवी दिग्दर्शिका तालमीचे वेळापत्रक चुकवेल, आणि शेजारची शाळा जिंकेल. शाळेचे प्रतिनिधित्व करणारा एखादा संघ केवळ गुणवत्तेवर निवडला जावा, यालाही माझी हरकत नाही; गणित ऑलिम्पियाडला कोणाला पाठवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे असे कोणी म्हणत नाही. परंतु तो एक संघ आणि शाळेचे संपूर्ण सहशालेय जीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी केलेले नियम आपण नकळत दुसऱ्याला लावून ठेवले आहेत, आणि ते नियम बदलण्यासाठी कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून प्रत्यक्ष मागणी एवढीच आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी वर्गशिक्षकांनी वर्गाची हजेरी-यादी घेऊन प्रत्येक नावापुढे त्या विद्यार्थ्याने त्या सत्रात सांभाळलेले काम लिहावे. पद किंवा पारितोषिक लिहू नये, काम लिहावे : गुणलेखन केले, पडदा सांभाळला, दुसऱ्या संघाकडून तीन सामने खेळला, अंकाची मुद्रिते तपासली. ज्या नावांपुढची जागा रिकामी राहील त्या विद्यार्थ्यांशी वर्गशिक्षकांनी स्वतंत्रपणे बोलावे, आणि पुढील सत्राच्या जागा भरताना त्यांना आधी विचारावे. त्यांच्यातल्या काहींना खरोखरच काही नको असेल, आणि त्या उत्तराचाही मान ठेवावा. या यादीतील रिकाम्या जागांची संख्या, नावे न देता, वार्षिक अहवालात पारितोषिकांच्या यादीशेजारी छापावी, म्हणजे पालकांनाही दोन्ही गोष्टी एकाच पानावर पाहता येतील. आराखडा पक्का होण्यापूर्वी तो विद्यार्थी प्रतिनिधींसमोर आणि पालकांसमोर ठेवावा, आणि त्या बैठकीला नेहमीचे प्रतिनिधी सोडून, आजवर कशातच नसलेले काही विद्यार्थीही बोलवावेत. आपल्या मंडळांविषयी त्यांचे म्हणणे काय आहे, हे बहुधा त्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. परीक्षणासाठी बोलावणे आले तर पूर्वीप्रमाणेच येईन, आणि यापुढे प्रत्येक स्पर्धकासाठी लेखी अभिप्राय देईन, मागितला असो वा नसो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पालक आणि शालेय स्पर्धांचा परीक्षक